बिझनेस जेटचा जीपीएस रिसीव्हर गेला आणि पार्ट मिळेना, मग काय काय करायचं

हॉकर ८००एक्सपी, चॅलेंजर ६०४, फाल्कन २०००, लेगसी ६०० असलं वीस-पंचवीस वर्षं जुनं जेट जे सांभाळतात त्यांना हा फोन कधी ना कधी येतोच. कॅप्टन म्हणतो दोन नंबरचा जीपीएस गेला, मालकाला परवा दुबईला जायचंय, आणि स्टोअरवाला म्हणतो सर जगात कुठेच पार्ट नाहीये. इंजिनाला काही झालं तर कंपनीची माणसं रात्री दोनलाही फोन उचलतात, पण हा मागे कुठेतरी रॅकमध्ये बसवलेला डबा, ना त्याला स्क्रीन ना बटण, त्याच्यासाठी कोणी धावत येत नाही.

मी हे लिहितोय ते मुंबईत जनरल एव्हिएशनच्या बाजूला जे काम चालतं ते डोळ्यापुढे ठेवून. एअरलाइनवाल्यांचं गणित वेगळं, त्यांच्याकडे शंभर विमानं, स्पेअरचा सामायिक साठा, स्वतःचं रिपेअर शॉप. आपल्याकडे एक किंवा दोन विमानं आणि स्पेअर म्हणून शून्य. आणि मला वाटतं "पार्ट मिळत नाही" ह्या वाक्यात बऱ्याच वेळा दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे आपण चुकीचा पार्ट चुकीच्या नावाने अर्धवट माहिती देऊन मागतोय. दुसरी म्हणजे तो खरंच संपत आलाय, आणि हे आपल्याला विमान अडकायच्या आधीच कळायला हवं होतं. दोन्हीवर इलाज आहे पण इलाज वेगवेगळा आहे.

आधी डबा खरंच मेलाय का ते बघा

ही पायरी घाईत सगळे गाळतात. जुन्या रिसीव्हरचा एक्स्चेंज (आपला डबा देऊन बदली दुसरा) मागवायचा म्हणजे पैसे, आठवडे आणि कस्टम, आणि तिकडून शॉपचा रिपोर्ट येतो "नो फॉल्ट फाउंड", म्हणजे डबा ठणठणीत होता, टेस्टचे पैसे द्या, भाडं द्या, आणि विमानात बिघाड जिथे होता तिथेच.

दोन रिसीव्हर असतील आणि दोघांचा पार्ट नंबर एकच असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे एक नंबर आणि दोन नंबर अदलाबदल करायचे. बिघाड डब्याबरोबर गेला तर डबा दोषी, बिघाड जागेवरच राहिला तर केबल, अँटेना किंवा वायरिंग. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लॉगबुकात "रिसीव्हर फॉल्टी" लिहून मोकळे होतात. जागेवरच राहिला तर अँटेनाकडून सुरुवात करा. कोॲक्सचा (अँटेनाच्या केबलचा) टीएनसी कनेक्टर उघडा आणि मधल्या पिनेवर हिरवट थर आहे का बघा, मुंबईच्या हवेत तो असतोच असतो, आणि कनेक्टर हाताने घट्ट वाटला तरी आत पाणी गेलेलं असू शकतं कारण अँटेनाच्या गॅस्केटखालून पावसाचं पाणी केबलच्या वेणीतून खाली झिरपतं. जीपीएसचा अँटेना ॲक्टिव्ह असतो, आत छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला डीसी सप्लाय त्याच कोॲक्समधून वर जातो. म्हणून केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला मल्टीमीटर लावून मॅन्युअलमध्ये दिलेला व्होल्टेज येतोय का बघा. रिसीव्हरकडे येतोय आणि अँटेनाकडे येत नाही म्हणजे केबल. दोन्हीकडे बरोबर येतोय तर संशय अँटेनावर. अँटेना हा रिसीव्हरपेक्षा कितीतरी पटीने सहज मिळणारा पार्ट आहे, म्हणून बिघाड तिथे निघाला तर पेढे वाटा.

मग क्रूला विचारा की जीपीएस नक्की कधी जातो. रेडिओवर बोलताना जातो का? व्हीएचएफच्या काही फ्रिक्वेन्सी अशा आहेत की त्यांचा बारावा किंवा तेरावा हार्मोनिक (फ्रिक्वेन्सीची पट) थेट जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येऊन बसतो, १२१.१५०, १२१.१७५, १२१.२०० आणि १३१.२५०, १३१.२७५, १३१.३०० ह्या त्या बदनाम फ्रिक्वेन्सी. इन्स्टॉलेशननंतरच्या टेस्टमध्ये ह्याच दाबून बघतात. जमिनीवर मोकळ्या आकाशाखाली विमान उभं करा, एकेका फ्रिक्वेन्सीवर तीस-पस्तीस सेकंद ट्रान्समिट करा, सॅटेलाइटची सिग्नल स्ट्रेंग्थ पडते का बघा. पडली तर जीपीएस नाही, व्हीएचएफ रेडिओ किंवा त्याचा अँटेना बघायचा. सॅटकॉम नवीन बसवला असेल तर तेही विचारा, इरिडियम १६१६ ते १६२६ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो आणि तो शेजारीच आहे.

आणि विमान कुठून आलंय ते बघा, हल्ली हे सगळ्यात आधी बघायला हवं. सप्टेंबर २०२३ पासून बगदादच्या आसपास बिझनेस जेटनाही स्पूफिंगचा (खोट्या जीपीएस सिग्नलचा) फटका बसायला लागला, काही विमानांचा तर आयआरएसही (जीपीएसशिवाय जागा काढणारी यंत्रणा) त्या खोट्या पोझिशनने बिघडला. आपल्याकडचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ ह्या काळात सीमाभागात, जास्त करून अमृतसर आणि जम्मूकडे, इंटरफेरन्स आणि स्पूफिंगच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्यात, हे आपल्या पुण्याच्या मुरलीधर मोहोळांनीच राज्यमंत्री म्हणून लोकसभेत सांगितलंय. स्पूफिंगमधून बाहेर आलेला रिसीव्हर कधीकधी तारीख आणि जागा चुकीची धरून बसतो आणि स्वतःहून सुधारत नाही. त्याला पूर्ण पॉवर ऑफ करा, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं रीसेट करा आणि मोकळ्या आकाशाखाली निवांत सोडा. पूर्ण अल्मनॅक (कोणता सॅटेलाइट कुठे ती यादी) उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात, दोन मिनिटांत उठून डबा काढायला घेऊ नका. हँगरच्या पत्र्याखाली तर ही टेस्ट करूच नका, हे सांगायला लागतं ह्याचंच मला नवल वाटतं.

तारीख चुकतेय का हेही बघा. जुन्या जीपीएस सिग्नलमध्ये आठवड्याचा आकडा १० बिटचा असतो, १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यावर येतो. सगळ्या सिस्टिमचा रोलओव्हर ऑगस्ट १९९९ मध्ये झाला, मग ६ एप्रिल २०१९ ला, आता पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये. पण रिसीव्हर बनवणाऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये मोजणीची सुरुवात स्वतःच्या सोयीने धरलेली असते, त्यामुळे एखाद्या डब्याचा रोलओव्हर भलत्याच तारखेला येऊ शकतो. होंडाच्या जुन्या गाड्यांची घड्याळं जानेवारी २०२२ मध्ये २००२ वर गेली ती ह्यातूनच. म्हणून तारीख साधारण १९ वर्षं ८ महिने मागे दिसत असेल तर ते हार्डवेअर नाही, सॉफ्टवेअरची सर्व्हिस बुलेटिन (कंपनीचं दुरुस्ती-बदलाचं पत्रक) शोधा. तसंच ९ जून २०१९ चं आठवत असेल, कॉलिन्सच्या जीपीएस-४०००एस सारख्या रिसीव्हरनी अचानक काम बंद केलं, अमेरिकेत रीजनल जेटच्या फ्लाइट कॅन्सल झाल्या, बिझनेस जेटवालेही अडकले, आणि कारण निघालं वेळेचा अपडेट सॉफ्टवेअरने चुकीचा वाचला हे. त्या दिवशी ज्यांनी डबे काढून शॉपला पाठवले असतील त्यांना दुसरा डबा बसवूनही तेच दिसलं असणार. एकाच वेळी दोन्ही रिसीव्हर गेले तर डबा सगळ्यात शेवटी बघा.

नंबर नीट लिहा, आणि नावं बदललीत हे लक्षात ठेवा

डबा खरंच गेलाय हे ठरलं की त्याच्या डेटा प्लेटचा फोटो काढा. मोबाइलने, नीट फोकस करून, पार्ट नंबर डॅशसकट (म्हणजे शेवटचा -००१ सारखा भाग धरून), सिरीयल नंबर, मॉडचे (बदलांचे) आकडे, आणि सॉफ्टवेअरचा स्टिकर वेगळा असेल तर तोही. मॉडच्या पट्टीवर आकडे असतात आणि जी बुलेटिन झालीय तो आकडा खोडलेला असतो, ही पट्टी फोटोत आली नाही तर फोटोचा अर्धा उपयोग गेला. मग आयपीसी (विमानाच्या पार्टचा कॅटलॉग) उघडा आणि तुमच्या विमानाच्या सिरीयल नंबरला कोणते कोणते डॅश नंबर चालतात ते काढा, आणि इंटरचेंजेबिलिटी एकतर्फी आहे का दुतर्फी ते बघा. म्हणजे -००१ च्या जागी -१०० चालतो पण -१०० च्या जागी -००१ चालत नाही, असं असतं बऱ्याचदा. सर्व्हिस बुलेटिनमध्ये नवा डॅश नंबर आलेला असतो आणि आयपीसीत तो अजून चढलेला नसतो, म्हणून दोन्ही बघायचं. "कुठेच नाही" म्हणणारा स्टोअरवाला बऱ्याचदा फक्त जुना डॅश नंबर शोधत असतो आणि नवा डॅश शेल्फवर पडून असतो.

आता नावाचं. डब्यावर जे नाव छापलंय ती कंपनी आज त्या नावाने अस्तित्वात असेलच असं नाही, आणि चुकीच्या दारात जाऊन "आम्ही बनवत नाही" हे उत्तर घेऊन लोक परत येतात. किंग आणि बेंडिक्स-किंग अलाइडसिग्नलमध्ये गेलं, ग्लोबल-वुल्फ्सबर्गही तिकडेच गेलं, आणि १९९९ च्या शेवटी अलाइडसिग्नल आणि हनीवेल एक झाले, म्हणजे केएलएन-९०बी असो नाहीतर जीएनएस-एक्सएलएस, विचारायचं हनीवेलला. ट्रिंबलचा एव्हिएशनचा धंदा २००१ मध्ये फ्रीफ्लाइटकडे गेला. रॉकवेल कॉलिन्सला २०१८ मध्ये युनायटेड टेक्नॉलॉजीजने घेतलं, ते कॉलिन्स एरोस्पेस झालं, आणि आता ते आरटीएक्सच्या छत्रीखाली. युनिव्हर्सल एव्हिऑनिक्स २०१८ मध्ये एल्बिटकडे गेलं पण नाव तेच राहिलं. कॅनडाचं सीएमसी एस्टरलाइनकडे होतं, ते २०१९ मध्ये ट्रान्सडाइमने घेतलं. प्रत्येक खरेदी-विक्रीत कॅटलॉग बदलतो, काही वेळा जुने मॉडेल "सपोर्ट एंडेड" यादीत जातात, काही वेळा रिपेअरचं काम दुसऱ्या गावातल्या शॉपला दिलं जातं. ही वंशावळ एकदा कागदावर काढून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

मुळात डबा का मिळत नाही? रिसीव्हरच्या आत जो आरएफ चिप किंवा प्रोसेसर आहे तो बनवणाऱ्याने कधीच बंद केलाय. बंद करायच्या आधी शेवटची ऑर्डर घ्यायची पद्धत असते, लास्ट टाइम बाय म्हणतात, तेव्हा एव्हिऑनिक्स कंपनीने अंदाजाने काही वर्षांचा साठा घेतला आणि तो आता संपत आला. बिझनेस जेटचे आकडे एवढे छोटे आहेत की त्यासाठी बोर्ड नव्याने डिझाइन करून पुन्हा सर्टिफाय करणं कोणाला परवडत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून शॉप डबा रिपेअर करायला घेतं आणि "बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर" म्हणून परत पाठवतं.

शोधायचं कुठे

पहिला फोन बनवणाऱ्या कंपनीला किंवा तिच्या अधिकृत डीलरला, एक्स्चेंज आहे का, नसेल तर रिपेअरला किती दिवस आणि दरम्यान लोनर मिळेल का. तुमचं विमान कॉलिन्सच्या कॅस्प किंवा हनीवेलच्या हॅपसारख्या, ठरलेले पैसे भरून डब्यांची दुरुस्ती मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर असेल तर आधी कॉन्ट्रॅक्ट काढून वाचा, पैसे भरत असतो आणि कोणते डबे त्यात आहेत हेच माहीत नसतं. आणि उलटंही होतं, जो डबा ओब्सोलीट ठरलाय तो प्रोग्रॅममधून गपचूप बाहेर गेलेला असतो.

मग आयएलएस आणि पार्ट्सबेस सारख्या लिस्टिंग साइट. इथे कंडिशन कोड वाचायला शिका: एनई म्हणजे नवा, ओएच ओव्हरहॉल केलेला, एसव्ही सर्व्हिसेबल, एआर म्हणजे जसा काढला तसा. एआर डबा स्वस्त दिसतो पण तो विमानात जाणार नाही, आधी शॉपला जाणार, आणि तिथून परत येईल याची गॅरंटी नाही. अजून एक, साइटवर एकच डबा चार जण आपला म्हणून लावतात, खरा मालक एकच असतो. फोटो मागा. डेटा प्लेटचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे डबा नाही, एवढं धरून चाला.

हॉकर ८०० मालिकेसारखी विमानं आता अमेरिकेत मोडीत निघतायत, इंजिनासाठी विमान घेतात आणि बाकीचे पार्ट सुटे विकतात, तिथून येणारे रिसीव्हर हा सध्या सगळ्यात मोठा झरा आहे असं माझं मत. तिथला डबा घ्यायला हरकत नाही, पण तो कोणत्या विमानातून निघाला, विमानाला अपघात किंवा आग लागली नव्हती याचं स्टेटमेंट, आणि नंतर कुठल्या मान्यताप्राप्त शॉपने टेस्ट केला, एवढं हवंच.

आणि फोन करताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका. विमानाचं मॉडेल, सिरीयल नंबर, आत्ता बसवलेला पार्ट नंबर, कोणते पर्यायी डॅश चालतील, एओजी (विमान जमिनीवर अडकलंय) आहे की आठवडाभर थांबू शकता, कोणत्या देशाचा रिलीज कागद (पार्ट विमानात बसवायला योग्य असल्याचं सर्टिफिकेट) लागेल, मुंबईला डिलिव्हरी, हे सगळं पहिल्याच मेलमध्ये लिहा. आपले लोक फक्त "प्लीज कोट जीपीएस रिसीव्हर" लिहितात आणि मग टाइम झोनमुळे एकेका प्रश्नाला एक एक दिवस जातो. प्रत्येक मेलला एओजी लिहायचीही सवय सोडा, वेंडर ओळखून असतात.

आपल्याच रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या ऑपरेटरलाही विचारा. त्यांचं विमान सी-चेकला (मोठ्या तपासणीला) महिनाभर उभं असेल तर उसना डबा मिळू शकतो, अर्थात कागद नीट करून, दोघांच्या कॅमोच्या (विमानाची देखभाल आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संमतीने, तोंडी व्यवहार नको.

कागद हातात आल्यावर

इथे मी थोडा थांबणार कारण खरं घोडं इथेच पेंड खातं. अमेरिकेतून पार्ट आला की सोबत ८१३०-३ हा तिथला रिलीज कागद येतो, युरोपातून आला तर ईएएसए फॉर्म १, आपल्या शॉपकडून आला तर सीए फॉर्म १. ८१३०-३ हातात घ्या आणि असा वाचा. रकाना ८ मध्ये पार्ट नंबर, १० मध्ये सिरीयल नंबर, हे दोन डब्याच्या प्लेटशी अक्षर न अक्षर जुळवा, डॅशसकट. रकाना ११ मध्ये काय केलंय ते असतं: न्यू, ओव्हरहॉल्ड, रिपेअर्ड, इन्स्पेक्टेड, टेस्टेड, मॉडिफाइड. वेंडरने ओव्हरहॉलचे पैसे घेतले आणि ११ मध्ये "टेस्टेड" आहे, असं निघतं बरं का. मग १२, रिमार्क्स, सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा रकाना. कोणत्या सीएमएम (डब्याचं दुरुस्तीचं मॅन्युअल) प्रमाणे आणि कोणत्या रिव्हिजनप्रमाणे काम केलं, कोणती सर्व्हिस बुलेटिन केली, सॉफ्टवेअर कोणतं भरलंय, डुअल रिलीज (दोन देशांच्या नियमांत चालणारा) असेल तर दुसऱ्या रेग्युलेशनचं वाक्य, हे सगळं तिथे असतं. सही १३ मध्ये असेल तर तो नवा पार्ट, १४ मध्ये असेल तर वापरलेला आणि कामानंतर रिलीज केलेला. वेंडर "न्यू" म्हणतोय आणि सही १४ मध्ये, तर फोन उचला.

दुरुस्त केलेल्या पार्टसाठी ती शॉप आपल्या डीजीसीएच्या नियमात चालते का, हे पैसे पाठवायच्या आधी आपल्या क्वालिटी मॅनेजरला विचारून घ्या, पार्ट मुंबई विमानतळावर सहारच्या कार्गोत पोचल्यावर नाही. आणि खोट्या कागदांचं प्रकरण फार लांबचं नाही, २०२३ मध्ये लंडनच्या एका पार्ट विक्रेत्याकडून इंजिनांचे पार्ट बनावट रिलीज सर्टिफिकेटवर विकले गेल्याचं उघड झालं आणि जगभरच्या एअरलाइनना इंजिनं उघडावी लागली. म्हणून रकाना ४ मधल्या शॉपला त्यांच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर एक मेल टाका आणि रकाना ३ चा ट्रॅकिंग नंबर त्यांचाच आहे का विचारा. वेंडरने दिलेल्या मेल आयडीवर नाही. पाच मिनिटांचं काम.

कस्टम

१५ जुलै २०२४ पासून विमानाच्या पार्टवर आयजीएसटी सरसकट ५ टक्के झालाय, अटींसह, आधी एचएस कोडवरून (कस्टमच्या वर्गीकरणाच्या नंबरवरून) वेगवेगळे दर आणि त्यावर वाद व्हायचे ते कमी झाले. इनव्हॉइसवर "एअरक्राफ्ट पार्ट" आणि विमानाचं रजिस्ट्रेशन लिहून घ्या, नुसतं "जीपीएस रिसीव्हर" लिहिलं की तो कोणाला गाडीतला वाटतो.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा. तुमचा डबा रिपेअरला बाहेर पाठवला आणि तोच डबा परत आला तर रिपेअरचा खर्च, भाडं आणि इन्शुरन्स ह्यावर ड्युटीचा हिशोब होतो, पण त्यासाठी जाताना शिपिंग बिलवर सिरीयल नंबर हवा आणि येताना तोच सिरीयल नंबर हवा. एक्स्चेंजमध्ये तुमचा डबा जातो आणि दुसऱ्याच सिरीयल नंबरचा येतो. म्हणजे तो रिपेअर-रिटर्न नाही. सीएचएला (कस्टम एजंटला) हे आधी सांगितलं नाही आणि त्याने कागद रिपेअर-रिटर्नचे केले की पार्ट तिथेच अडकतो. ऑर्डर देतानाच ठरवा काय आहे ते.

पार्ट येईपर्यंत

एमईएल (काय बंद असताना उडता येतं आणि किती दिवस, ती यादी) उघडा. बी कॅटेगरी असेल तर ३ दिवस, सी असेल तर १०, डी असेल तर १२०, आणि बिघाड सापडला तो दिवस मोजायचा नाही. दोनातला एक जीपीएस बंद ठेवून उडता येत असेल तरी फक्त ३४ (नेव्हिगेशन) चॅप्टरमधली ती एक ओळ वाचून थांबू नका. तो रिसीव्हर कोणाकोणाला पोझिशन देतो ते बघा: एडीएस-बी आउट (विमानाची जागा कंट्रोलला सतत कळवणारी यंत्रणा), ईजीपीडब्ल्यूएस (जमीन जवळ आल्याचा इशारा), एफएमएस (मार्ग आखणारा संगणक), काही विमानांत घड्याळ आणि सॅटकॉमही. एडीएस-बी एकाच रिसीव्हरवर लटकलेला असेल तर तोही बंद, आणि अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित एअरस्पेसमध्ये तो लागतोच, युरोपातही मोठ्या आणि वेगवान विमानांना डिसेंबर २०२० पासून नियम आहे. म्हणजे एखादा रूट जमेल पण लंडन जमणार नाही, असं होऊ शकतं. हे मालकाच्या ऑफिसला पहिल्याच दिवशी सांगा. दहाव्या दिवशी सांगितलं की मग आरडाओरडा होतो आणि त्यांचंही चुकत नाही.

अपग्रेड कधी करायचं

आता खरा प्रश्न. एखादा जुना टीएसओ-सी१२९ चा रिसीव्हर (टीएसओ म्हणजे पार्टचं अमेरिकी मानक), म्हणजे एसबीएएस (जीपीएस सुधारणारा वेगळा सॅटेलाइट सिग्नल) नसलेला, पुन्हा पुन्हा शोधत बसायचं की दोन्ही काढून टीएसओ-सी१४५ चे नवीन बसवायचे? माझं मत सरळ आहे. विमान अजून तीन-चार वर्षं ठेवायचं असेल आणि एका वर्षात दुसऱ्यांदा तोच पार्ट शोधायची वेळ आली, तर शोधणं थांबवा आणि अपग्रेडचं कोटेशन मागवा. विमान विकायचंच ठरलंय तर एक सर्व्हिसेबल डबा घेऊन काम भागवा.

जुने रिसीव्हर सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी चालू आहे असं धरून बनवलेत. अमेरिकेने ती मे २००० मध्ये बंद केली पण डब्याला ते माहीत नाही, तो अजून सिग्नल मुद्दाम बिघडवलेला आहे असं मानून हिशोब करतो आणि इंटेग्रिटी (पोझिशनवरचा भरवसा) कमी दाखवतो. एडीएस-बीला ते पुरत नाही. अमेरिकेने अशा रिसीव्हरना काही वर्षं सवलत दिली होती, ती २०२४ च्या शेवटी संपली. आपल्याकडे गगन आहे, म्हणजे आपलं एसबीएएस, एअरपोर्ट्स ऑथॉरिटी आणि इस्रोचं, एप्रिल २०१५ मध्ये एपीव्ही-१ पातळीला (उतरताना उंचीचंही मार्गदर्शन देणारी) सर्टिफाय झालं, एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोच्या एटीआरने राजस्थानात किशनगडला त्यावर अप्रोच करून दाखवला, आणि १ जुलै २०२१ नंतर भारतात रजिस्टर होणाऱ्या विमानांना गगनची सोय असणं बंधनकारक केलं गेलं. म्हणजे परदेशातून जुनं जेट आणून इथे रजिस्टर करणार असाल तर हा प्रश्न खरेदीच्या आधीच विचारा. जुनं विमान घेताना पेंट आणि सीटचं लेदर सगळे बघतात, रिसीव्हरचा टीएसओ कोणी बघत नाही.

अपग्रेड म्हणजे नुसता डबा बदलणं नाही, इथेच कोटेशन फसवं असतं. एसबीएएस रिसीव्हरला टीएसओ-सी१९० चा अँटेना लागतो, जुना बहुधा सी१४४ चा असतो. अँटेना बदलला की फ्यूजलाजचं प्रेशर सील, बाँडिंग, कधी डब्लर प्लेट. कोॲक्सचा लॉस मोजावा लागतो, जुनी केबल नापास झाली तर अख्खं सीलिंग पॅनल खाली. मग एफएमएसचं सॉफ्टवेअर एलपीव्हीला (एसबीएएसवर उतरायच्या अचूक अप्रोचला) तयार आहे का, कॉलिन्सच्या प्रो लाइन २१ कॉकपिटमध्ये ते बऱ्याचदा जुन्या व्हर्जनवर असतं, आणि तेही बदलायचं. एलपीव्ही नको, फक्त चालू पोझिशन आणि एडीएस-बी हवं, असं ठरवलं तर खर्च बराच खाली येतो, हे वेंडर स्वतःहून सांगणार नाही. शिवाय एसटीसी (विमानातल्या बदलाची मंजुरी) तुमच्या मॉडेलला आणि सिरीयल रेंजला लागू आहे का, डीजीसीएकडे ती स्वीकारायचे कागद कोण करणार, फ्लाइट मॅन्युअलचं सप्लिमेंट आणि एमईएलची दुरुस्ती कोण करणार, हे कोटेशनमध्ये लेखी घ्या. एक नंबरला नवा आणि दोन नंबरला जुना असं मिसळायची आयडिया कोणी ना कोणी काढतोच, ती एसटीसीत किंवा बुलेटिनमध्ये लिहिलेली असेल तरच. नाहीतर नाही.

हे काम मोठ्या इन्स्पेक्शनला जोडून घ्या, पॅनल तेव्हा उघडलेलेच असतात. आणि डबे हातात आल्याशिवाय विमान हँगरमध्ये घेऊ नका, नव्या रिसीव्हरलाही लीड टाइम असतो, विमान उघडून ठेवायचं आणि पार्टची वाट बघायची हा प्रकार पाहिलाय.

जुन्यातला जो एक चालू डबा निघेल त्याला तिथल्या तिथे टॅग लावा, कोणत्या विमानातून, कोणत्या तारखेला, किती तासांवर, चालू स्थितीत काढला असं लिहा आणि एएमईची (लायसन्स असलेल्या मेंटेनन्स इंजिनिअरची) सही घ्या. मग तो शॉपला पाठवून टेस्ट करून रिलीज कागद करून घ्या, आणि लिस्टिंगवर टाका. तुम्ही जो डबा महिनाभर शोधत होता तोच आता दुसरा कोणीतरी शोधतोय आणि चांगली किंमत देईल. टॅगशिवाय रॅकवर ठेवला तर सहा महिन्यांनी तो चालू आहे का मेलेला हे स्टोअरमध्ये कोणालाच सांगता येणार नाही आणि ऑडिटला आलेला माणूस तो स्क्रॅप करायला लावेल.